प्रमाणासाठी हात

या, असे जवळ या. पंखा खडखडतो, मागे बसलात तर अर्धं ऐकायलाच यायचं नाही. गोष्ट एका हाताची आहे. हात कुणाचा, हे लगेच विचारू नका. तो प्रश्न जिला पडला तिला त्याच्या उत्तरापर्यंत पोचायला अख्खी दुपार लागली, आणि देव करो, तसली दुपार तुमच्या घरी न येवो. आली तर मात्र ही गोष्ट आठवा, म्हणजे सांगणाऱ्याचे श्रम कारणी लागले.

ती टायपिस्ट होती. उभा जन्म दुसऱ्यांचे शब्द टाइप करण्यात गेला. साहेबांचे ठराव, साहेबांच्या तक्रारी, साहेबांनी साहेबांना दिलेल्या शुभेच्छा. बोटांनी टाइप करायचं आणि मनाने बाहेर उभं राहायचं, ही तिची सवय. निवृत्त झाली आणि आता नवऱ्याचं पुस्तक टाइप करायला बसली, तेव्हाही मन सवयीने बाहेरच उभं होतं. नवरा इमारतींचा इंजिनियर. कुठे भिंत तडकली की लोक त्याला बोलवायचे. ओळखीतले सगळे त्याला ‘भेगांचे डॉक्टर’ म्हणायचे, आणि तोही ती पदवी गळ्यात घालून हिंडायचा. पुस्तक भिंती का तडकतात याचं. मजकूर झाला होता. उरली होती चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी. प्रकाशकाला उद्या फाइल हवी होती, कारण छापखान्याची पाळी एकदा हुकली की पुढची कधी येईल ते तोही सांगू शकत नव्हता. आणि नेमका याच आठवड्यात नवऱ्याचा डोळा गेला. गेला म्हणजे जाता जाता वाचवला. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला, तो आतल्या पडद्याला टेकून राहावा म्हणून पेशंटने आठवडाभर पालथं पडायचं. दुसरा डोळा कधीपासूनच नावाला होता. तर भेगांचे डॉक्टर पलंगावर पालथे, तोंड उशीच्या खाचेत, आणि त्यांचा आवाज फरशीवर आपटून वर यायचा. पलंगाच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर संगणक, आणि संगणकापुढे ती. त्याला पडदा दिसत नव्हता. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

“पुढचं कुठलं?” फरशी विचारायची.

“दगडी भिंत. भेग वरून खाली तिरकी गेलीये. शेजारी हात.”

“हं. लिही. पाया एका बाजूने खचल्यामुळे पडलेली तिरपी भेग. प्रमाणासाठी हात.”

ती चित्रावर उजवी कळ दाबायची, ‘मथळा घाला’ निवडायची. छोटी चौकट उघडायची. ‘चित्र’ हा शब्द आणि त्यापुढचा आकडा आपोआप यायचा. ती फक्त ओळ घालायची आणि ‘ठीक’ म्हणायची. हे काम तिला आवडायचं. आकडे आपले आपण यायचे, मधे चित्र घातलं की पुढची सगळी निमूट एकेक पाऊल मागे सरकायची. माणसांना रांगेत उभं करताना इतका शहाणपणा तिने कधी पाहिला नव्हता. मजकुरात जिथे जिथे ‘अमुक चित्र पाहा’ होतं तो आकडाही तिने चित्राशी बांधून टाकला होता. चित्र हललं की आकडा हलायचा. ‘प्रमाणासाठी हात’, म्हणजे भेग केवढी ते कळावं म्हणून शेजारी ठेवलेला हात, हे शब्द इतक्यांदा आले की तिने त्यांचं लघुरूप करून ठेवलं. ‘प्रह’ दाबलं की संगणक पूर्ण शब्द लिहायचा. म्हणजे मन बाहेर, आणि आता बोटंही अर्धी बाहेर.

बाराव्या चित्रावर ती आत आली. विटांची भिंत, आणि भेग अशी की तिला भेग म्हणणं म्हणजे दाराला फट म्हणण्यासारखं. हात तिच्यात मनगटाच्याही वर गेलेला. बोटं पलीकडच्या काळोखात, दिसत होती फक्त बाही. राखाडी लोकरीची बाही, आणि कोपरापाशी निळ्या लोकरीचं एक ठिगळ, चार उभे टाके नि चार आडवे. तिचा हात कळफलकावरून खाली उतरला आणि मांडीवर येऊन पडला. नवऱ्यासाठी तिनेच विणलेला स्वेटर, आणि राखाडी लोकर संपली म्हणून ठिगळाला निळी घेतली होती. तेव्हा तो म्हणाला होता, अगं, राहू दे, असं ठिगळ कुणाच्या स्वेटरला नसेल, हरवला तर लगेच सापडेल. आणि पुढे एका हिवाळ्यात तो कुडकुडत घरी आला. स्वेटर कुठाय? बसमध्ये राहिला. तिने दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून बस डेपो गाठला होता. तिथल्या खिडकीतल्या माणसाने हरवलेल्या वस्तूंची पेटी उपसून तिला छत्र्या दाखवल्या, डबे दाखवले, एक बाळाचा बूट दाखवला. स्वेटर नव्हता. तो माणूस म्हणाला होता, बाई, ज्याला मिळाला त्याला ऊब मिळाली म्हणा आणि सोडून द्या. तिने सोडून दिला होता. इतकी वर्षं कुणातरी अनोळखी उबेला तिने मनातल्या मनात आशीर्वादसुद्धा दिले होते.

“थांबलीस का?” फरशी म्हणाली.

“हा हात कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? हात.”

“तुमचा नाही. तुम्ही फोटो काढताय.”

“टेपताईचा. ऑफिसात मोजणीला होती ना. गळ्यात कायम टेप असायची म्हणून सगळे टेपताई म्हणायचे. सांगितलं असेन मी.”

“नाही सांगितलंत.”

“मग आता सांगितलं. लिही, धोक्याची पातळी ओलांडलेली भेग...”

“टेप होती तर हात कशाला?”

“अगं, उन्हात टेप पांढरीफटक पडते फोटोत, आकडे दिसत नाहीत. हात दिसतो. तिची वीत सव्वासात इंच. पक्की. मी एकदा मोजली की पुन्हा मोजावी लागत नाही.”

एकदा मोजली. ती उठली. पाणी आणते म्हणाली. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिली, खणातून मुलीच्या शाळेतली जुनी फूटपट्टी काढली आणि ओट्याच्या कडेवर आपला पंजा ताणून ठेवला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. करंगळी जास्त ओढायला गेली तर कळ आली. सातला जरा कमीच. पुन्हा ताणला. तेवढाच. टायपिंगने बोटं लांब होत नाहीत, बोथट होतात. हा पंजा त्याने धरलाय, चावी मागताना धरलाय, आजारपणात धरलाय, सिनेमाला अंधारात धरलाय, पण मोजला कधी? माणूस जे मोजतो तेच त्याला पाठ राहतं. लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत खिडकीवर एक भेग होती. ती घाबरली होती, तर त्याने स्टुलावर चढून भेगेवर आडवा काचेचा पातळ तुकडा चिकटवला. म्हणाला, आता बघायचं. काच तशीच राहिली तर भेग मेलेली, तिच्याखाली खुशाल झोप. काच तडकली तर भेग जिवंत. कितीतरी महिने ती सकाळी उठल्यावर आधी काच बघायची आणि मग देव. काच तडकली नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, ज्याला भिंतीच्या आतलं कळतं तो माणूस आपल्याला मिळाला. आता काय कमी आहे. आणि आता ओट्यापाशी फूटपट्टी घेऊन ती उभी होती, आणि आत कुठेतरी पातळ काच तडकल्याचा आवाज इतका स्पष्ट आला की तिने हातातला पेला आधी बघून घेतला.

गाऊन प्रवचन सांगणारे एक बुवा ती लहानपणी ऐकायची. ते तान अर्धी तोडून मधेच विचारायचे, ‘ऐकताय ना?’ आणि मग हळूच म्हणायचे, मत्सर दार ठोठावत नाही हो. तो आधीच आत असतो, आतून कडी लावून बसलेला. आपणच बाहेर उभे राहून म्हणतो, घर रिकामं आहे. तिला तेव्हा हसू यायचं. बुवांच्या तोंडचा मत्सर म्हणजे कुणीतरी हिरव्या डोळ्यांचा राक्षस असेल असं वाटायचं. आत्ता कळलं की तो अगदी सभ्य असतो. पाण्याचा पेला भरून नेतो, उशीजवळ ठेवतो, नळी तोंडाशी धरतो, आणि विचारतो, अजून हवंय?

“नको. तू गप्प का?”

“टाइप करतेय.”

आधी त्याने सांगितलेल्या उरलेल्या ओळी बोटांनी उतरवल्या, मन ओट्यापाशीच ठेवून, आणि मग ती गुपचूप पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरू झाली. चित्रावर कळ, मग कापायचं साधन. चित्राच्या कोपऱ्यांना काळे जाड कंस येतात. डावीकडचा कंस धरून ती आत सरकवत गेली. आधी कोपर गेलं, मग मनगट, मग अंगठा. मग चारी बोटं एकदम. उरली नुसती भिंत आणि नुसती भेग. काय सुख होतं त्या सरकवण्यात! दुसरं चित्र. तिसरं. आता ती प्रत्येक हात नीट बघून मगच कापत होती. नखं बारीक कापलेली. बांगडी नाही, अंगठी नाही. एका चित्रात तर्जनीला शाईचा डाग. एकदा तळहातावर काहीतरी लिहिलेलं, भिंतीचं माप असावं. मापं हातावर लिहिणारी बाई. किती सोयीची! दिवसभर उन्हात तो बघणार आणि ती हात ठेवणार. हात ठेवायला सांगताना तो काय म्हणत असेल? ‘जरा वर.’ ‘अं हं, डावीकडे.’ ‘हां, तसाच, हलू नकोस.’ तो आवाज तिला माहीत होता. देवघराच्या फळीला खिळे ठोकताना तो तिच्याशी त्याच आवाजात बोलायचा, आणि तिला वाटायचं तो आवाज घरचा आहे. ‘प्रमाणासाठी हात’ हे शब्दही तिने एकेक करून पुसले. आणि बाराव्या चित्रापाशी आल्यावर तिने कापलंबिपलं नाही. त्यातला हात हललेला होता. भिंतीची वीट न् वीट स्वच्छ आणि बाही पुसट, थरथरलेली. अंगात माझा स्वेटर आणि वर थरथर! तिने चित्र निवडलं, खालची ओळ निवडली, आणि दोन्ही पुसून टाकली. तेरावं गुपचूप पुढे आलं आणि बारावं होऊन उभं राहिलं. तेराव्याच्या भेगेशेजारी एक काळी फूटपट्टी होती, पांढऱ्या आकड्यांची. त्यापुढच्या सगळ्या चित्रांत फूटपट्टीच. म्हणजे संपलं होतं तर काहीतरी. भांडण? तिने हा शब्द तोंडात साखरेसारखा थोडा वेळ ठेवला.

“झाली सगळी?” तो म्हणाला. “मग आता आकडे ताजे कर आणि धोक्याच्या भेगेचा परिच्छेद वाच मला. त्याच परिच्छेदावर पुस्तक उभं आहे.”

तिने सगळा मजकूर निवडला, आकडे ताजे करण्याची कळ दाबली. आकडे सरसर बदलले. तिने परिच्छेद काढला आणि सवयीने वाचायला लागली, मन बाहेर ठेवून: “भेग किती रुंद आहे हे नुसत्या छायाचित्रावरून कळत नाही, म्हणून चूक, संदर्भ सापडला नाही, यात पाहावे.”

“काय सापडलं नाही?”

पडद्यावर ते शब्द ठळक अक्षरांत होते. परिच्छेदात एकदा, खाली एकदा, पुढच्या पानावर पुन्हा. चूक! संदर्भ सापडला नाही. तिने चित्र पुसलं होतं, पण चित्राला बांधलेल्या गाठी मजकुरात तशाच होत्या, आणि आता त्या सगळ्या एकदम ओरडत होत्या.

“ते चित्र... गेलं वाटतं.”

“कुठलं? शाळेचं?” उशीतलं डोकं उचलायला निघालं.

“डोकं खाली ठेवा! बुडबुडा सरकेल.”

डोकं खाली गेलं. आवाज मात्र चढला. “अगं, ते गेलं तर बाकीचं कशाला छापायचं? शाळा होती ती. मुलं बसायची आत. आम्ही चार अहवाल दिले, भेगेचे सुंदर फोटो दिले, शाळा समितीतले म्हणायचे, अहो, अशा भेगा आमच्या घरी पण आहेत. नुसत्या फोटोत सगळ्या भेगा सारख्याच दिसतात, केसाएवढी काय आणि दाराएवढी काय. मग ती म्हणाली, थांबा, मी हात घालते. मी म्हटलं, वेडी आहेस का, भिंत जिवंत आहे. तिने घातला. त्या फोटोवर शाळा रिकामी झाली. आणि पावसात भिंत बसली, रिकाम्या वर्गात.”

बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं. झाडू पायरी पायरीने खाली जात होता. तिच्या मनात पहिला विचार जो आला तो लाज वाटावी असा होता. तो असा, की म्हणजे ती धीटही होती.

“तिचा हात हललाय त्यात,” ती म्हणाली. “भिंत हललेली नाही.”

“हो.”

“आणि अंगात माझा स्वेटर आहे.”

पालथ्या माणसाची पाठ फार बोलते. ती पाठ आधी ताठ झाली, मग श्वासागणिक थोडी थोडी खाली बसत गेली.

“थंडी वाजतेय म्हणाली,” तो शेवटी म्हणाला. “हात थरथरत होता. मी दिला काढून.”

“बसमध्ये राहिला म्हणालात.”

“तुला काय सांगायचं? तू ते ठिगळ किती निगुतीनं...”

“मी डेपोत गेले होते. पेटी उपसायला लावली त्या माणसाला. बाळाचा बूट दाखवला त्याने मला.”

“ते मला माहीत नव्हतं.”

“काय होतं तुमचं तिच्याशी?”

विचारून झालं. इतकं सोपं होतं. संगणकाचा पडदा आपोआप काळा झाला आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, चष्म्यासकट.

“काय सांगू? ती हात ठेवायची, मी फोटो काढायचो. जाता-येता बसमध्ये भेगांबद्दल बोलायचो. बस, तेवढंच.” मग जरा थांबून, “पण ते नसलं की दिवस रिकामा जायचा. हे खोटं नाही बोलत.” उशीने एक मोठा श्वास गिळला. “आणि ती थंडी नव्हती. मला कळलं नाही. नंतर चहाचा कप धरता येईना तिला. मज्जातंतूंचं काहीतरी होतं. पुढच्या साइटला ती म्हणाली, आज हात नको, फोटो बिघडेल. मी बरं म्हटलं. पुढच्या वेळी मी काळी फूटपट्टी घेऊन गेलो.”

“फूटपट्टी.”

“हो.”

“आणि ती?”

“बघितलं तिने. फूटपट्टी चांगली आहे म्हणाली. महिन्याभरात नोकरी सोडून भावाकडे गेली. दोनेक वर्षांनी ऑफिसात कळलं, वारली.”

“भेटायला गेला होतात?”

“नाही.”

“का?”

“तू काय म्हणाली असतीस?”

“माझ्यावर ढकलू नका!” ती इतक्या जोरात म्हणाली की जिन्यातला झाडू थांबला. “मला सांगितलं असतंत तर मी आदळआपट केली असती, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी डबा भरून दिला असता. ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही घाबरलात ते त्या थरथरत्या हाताला. भिंत हलायला लागली की धावत जाता, आणि माणूस हललं की फूटपट्टी विकत घेता?”

फरशीवरून आवाज आला, ओला आणि बारीक. “खरं सांगू का? मला तिचा चेहरा आता नीट आठवत नाही. वीत आठवते.”

डॉक्टरांनी रडायला बंदी केली होती की नाही, ते तिला आठवेना. तिने रुमाल घडी करून उशीच्या खाचेखाली सरकवला. मग खुर्चीवर बसली. राग होता तसाच होता. किंबहुना आता जास्तच, कारण जी बाई नाही तिच्याशी भांडता येत नाही, तिच्याहून हात लांब करता येत नाही, आणि तिने ज्या मुलांना त्या वर्गातून बाहेर काढलं ती कुठेतरी मोठी होऊन आपापल्या भिंतींच्या आत निवांत झोपत असणार, हेही नाकारता येत नाही. पण रागाच्या शेजारी आता तो पुसट, हललेला हात होता, आणि त्याच्यामुळे राग केवढा आहे ते पहिल्यांदाच नीट दिसत होतं.

तिने पुसलेलं परत आणलं. उलटी पावलं टाकत जाण्याची कळ असते. एकेक दाबली तशी ओळ आली, चित्र आलं, पुढची सगळी पुन्हा एकेक पाऊल मागे सरली आणि बाराव्याला त्याची जागा मिळाली. मजकुरातला ओरडा थांबला. मग पहिलं चित्र. तिला वाटत होतं, कापलेलं गेलं. पण कंस धरून बाहेर ओढला तर चार बोटं आली, मग अंगठा, मग मनगट. संगणकाने काही टाकलं नव्हतं. कापलेलं सगळं काठाखाली जपून ठेवलं होतं. शाईचा डाग आला. तळहातावरची मापं आली. प्रत्येक हात परत येताना तिला थोडं थोडं टोचत होतं, आणि तरी ती थांबत नव्हती.

“सगळे टेपताई म्हणायचे ना?”

“हो. तिलाही तेच आवडायचं.”

तिने लघुरूप बदललं. आता ‘प्रह’ दाबलं की संगणक लिहू लागला: प्रमाणासाठी हात, टेपताई. बाराव्याखाली तिने लघुरूप वापरलं नाही. ती ओळ तिने अक्षर अक्षर टाइप केली, मन आत ठेवून. धोक्याची पातळी ओलांडलेली भेग, शाळेची भिंत. आत घातलेला हात: टेपताई. मग थोडं थांबली, कारण हे लिहायची जबरदस्ती तिच्यावर कुणीही केली नव्हती, आणि पुढे लिहिलं: स्वेटर: लेखकाच्या पत्नीने विणलेला.

“वाच,” तो म्हणाला.

तिने वाचलं. पाठ हलली; पालथा माणूस हसतो की रडतो ते पाठीवरून कळत नाही.

“तुझी वीत किती गं?” त्याने विचारलं.

तिला माहीत होती. ओट्याच्या कडेवर दोनदा मोजलेली, ताजी होती. तिने पंजा कळफलकावर पसरून एकदा पाहिला आणि मिटला.

“डोळा बरा झाला की मोजा,” ती म्हणाली, आणि फाइल जतन केली.

ऐकताय ना? तिने पुढे त्याला सहज मोजू दिली असेल, असं मला वाटत नाही. काही काचा तडकलेल्याच बऱ्या, भेग जिवंत आहे एवढं तरी कळतं. पण माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधी एखाद्या पुस्तकात भिंतीचं चित्र दिसेल, कुठे झाडाच्या खोडाचं, कुठे दगडाचं, आणि शेजारी कुणाचा तरी हात असेल, नुसता आकार कळावा म्हणून ठेवलेला. चित्र बघाल तेव्हा क्षणभर त्या हातावर थांबा. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा, आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की, टेपताईचंही एक घ्या.